बँकॉकची पहिली भेट: राजवाडा, वाट फो की वाट अरुण?

बँकॉकला पहिल्यांदा जाणाऱ्याच्या वाट्याला प्रत्यक्ष शहरासाठी बहुधा एक-दोन दिवसच येतात, कारण उरलेली सुट्टी पट्टाया किंवा फुकेतसाठी राखून ठेवलेली असते. त्या थोड्या वेळासाठी ग्रँड पॅलेस म्हणजे राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण ही तीन नावे हमखास सुचवली जातात (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे मंदिर). तिन्ही ठिकाणे चाओ फ्राया नदीच्या काठी, एकमेकांच्या जवळच असल्यामुळे ती एका दिवसात उरकता येतात हे खरे. परंतु तिथल्या दमट उन्हात तिन्ही नीट पाहून होत नाहीत, त्यामुळे सकाळचे ताजे तास कोणाला द्यायचे हे आधीच ठरवलेले बरे.

थायलंडचा राजा पहिला राम याने १७८२ साली राजधानी थोनबुरीहून नदीच्या पूर्व काठावर आणली आणि ग्रँड पॅलेसची उभारणी सुरू झाली. त्याच आवारातील वाट फ्रा केव या राजमंदिरात ‘पाचूचा बुद्ध’ विराजमान आहे. ही मूर्ती पाचूची नसून हिरव्या दगडाची आहे, जेमतेम ६६ सेंटीमीटर उंचीची आहे आणि उंच सिंहासनावर बसवलेली असल्यामुळे तिचे दर्शन लांबूनच होते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तीन ऋतूंप्रमाणे तिची वस्त्रे बदलण्याचा मान राजाचा असतो. परदेशी पाहुण्यांना प्रवेशासाठी ५०० बाथ मोजावे लागतात, दुपारी साडेतीननंतर आत सोडत नाहीत, आणि खांदे व गुडघे झाकलेले नसतील तर दारातूनच परत पाठवतात. दाराबाहेर एखादा अनोळखी मनुष्य अत्यंत अदबीने ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसवू पाहील, त्याच्याकडे दुर्लक्ष करून थेट तिकीटखिडकी गाठावी.

केवळ सोनेरी कळस आणि छायाचित्रे एवढाच हेतू असेल, तर या खर्चाच्या आणि गर्दीच्या मानाने राजवाडा थोडा निराश करतो, असे माझे मत आहे. त्याचे खरे धन मंदिराभोवतीच्या ओवरीत आहे, आणि बहुसंख्य पर्यटक ते चालता चालता ओझरते पाहतात. तिथे रामकियन, म्हणजे थायलंडचे रामायण, १७८ भित्तिचित्रांतून क्रमाने रंगवलेले आहे. रामकथा लहानपणापासून ऐकलेल्या मराठी माणसाला ही चित्रे मार्गदर्शकाशिवाय उलगडू लागतात आणि मध्येच चकवतात: इथली सीता जन्माने रावणाचीच मुलगी आहे, आणि ज्याला आपण ब्रह्मचर्याचा आदर्श मानतो तो मारुती सेतूचे दगड चोरून नेणाऱ्या सुवर्णमच्छा या मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो व त्याला तिच्यापासून मुलगाही होतो. गावोगावच्या शेंदरी मारुतीला नमस्कार करत आलेल्या माणसाने या शुभ्र, रसिक हनुमानासमोर थोडा वेळ थांबायलाच हवे. चित्रांची मांडणी उत्तर बाजूपासून सुरू होऊन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पुढे सरकते. ती त्याच क्रमाने पाहायची असतील, तर सकाळी साडेआठला दार उघडताच आत शिरावे; सहलींच्या बसगाड्या रिकाम्या होऊ लागल्या की ओवरीतही निवांत उभे राहणे कठीण होते.

राजवाड्याच्या दक्षिणेला काही मिनिटांच्या चालीवर असलेले वाट फो हे त्यामानाने मोकळे, सावलीचे आणि ३०० बाथमध्ये पाहून होणारे मंदिर आहे. इथला पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच असून त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ मंगलचिन्हे काढलेली आहेत. मूर्तीच्या मानाने दालन इतके अरुंद आहे की ती एका नजरेत मावत नाही. पुष्कळ लोक एवढे पाहून बाहेर पडतात, पण अंगणातील छोट्या दगडी टेकड्यांवर योगासनांसारखे अंग ताणणाऱ्या ऋषींचे पुतळे आहेत आणि भिंतींवर वैद्यकासह नाना विद्यांचे शिलालेख आहेत, ते सोडू नयेत. थाई मालिशची परंपरा या आवारात आजही चालू असल्यामुळे थकलेल्या पायांची सोय तिथेच होते. सोबत वयस्कर आई-वडील किंवा लहान मुले असतील, किंवा सकाळी लवकर निघणे जमणार नसेल, तर मी राजवाडा बाहेरूनच पाहून वाट फोला पसंती देईन. रामकथेची ओढ आणि पहाटे उठण्याची तयारी दोन्ही असतील, तर मात्र राजवाडाच आधी.

वाट अरुणसाठी था तियन धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी मिळते आणि तिचे भाडे किरकोळ आहे. चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांनी मढवलेला तिथला मुख्य मनोरा जवळून पाहायचा की लांबून, यावर वेळ ठरते. मंदिराची नदीकडची बाजू पूर्वेला असल्यामुळे त्या तुकड्यांवरची फुले सकाळच्या उन्हात खुलतात, तर सूर्यास्ताची प्रसिद्ध छायाचित्रे अलीकडच्या काठावरून घेतलेली असतात. त्यामुळे संध्याकाळी होडीत बसून पलीकडे जाण्यात फारसा अर्थ नाही. मनोऱ्याच्या पायऱ्या उंच व उभ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील आणि शहर वरूनच पाहायचे असेल, तर वाट साकेतचा सुवर्णगिरी बरा, कारण तिथल्या पायऱ्या तीनशेहून अधिक असल्या तरी त्या टेकडीभोवती वळत, बेताच्या चढाने वर नेतात.

दुपारचे ऊन टाळण्यासाठी दोन पर्याय आहेत. जुन्या शिल्पांची आवड असेल तर राजवाड्याजवळचे राष्ट्रीय संग्रहालय निवडावे. सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या काळातील विष्णू आणि हरिहर यांच्या भव्य ब्राँझमूर्ती तिथे आहेत, मात्र ते सोमवारी आणि मंगळवारी बंद असते. घरे, रेशीम आणि बाग यांत मन रमत असेल तर जिम थॉम्पसन हाऊस पाहावे. १९६७ साली मलेशियात बेपत्ता झालेल्या या अमेरिकन रेशीम-व्यापाऱ्याने जुनी सागवानी घरे एकत्र आणून ते उभारले. मुख्य घर मार्गदर्शकासोबतच पाहता येते, आणि नॅशनल स्टेडियम या रेल्वे स्थानकाहून ते चालत जाण्याजोगे असल्याने संध्याकाळी सियामच्या बाजारपेठेत जायचे असेल तर हाच पर्याय सोयीचा पडतो.