मित्सुबिशी आउटलँडर प्लग-इन हायब्रिड: 14 महिने, 23 हजार किलोमीटर आणि बाबांचा प्रश्न

ऑक्टोबर 2024 मध्ये आम्ही ही गाडी घेतली तेव्हा पुण्याहून बाबांनी फोनवर पहिलं काय विचारलं असेल, तर "कंपनी तिकडे राहणार आहे ना रे?" किंमत नाही, अ‍ॅव्हरेज नाही, थेट हेच. त्याला कारण आहे. आमच्या घरच्या गाडीच्या कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला आणि पुढे एका हेडलाइटसाठी बाबांनी नाना पेठेतली दुकानं पालथी घातली. गाडी ठणठणीत होती, पण विकायला काढली तर भाव कवडीमोल. म्हणून या अनुभवात मी गाडीबद्दल वेगळं आणि ब्रँडबद्दल वेगळं लिहितोय.

आधी गाडी. आम्ही कॅनडात, ऑन्टारिओतल्या बॅरीमध्ये राहतो. 20 किलोवॉट-तासांची बॅटरी, 2.4 लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढच्या-मागच्या चाकांना एकेक मोटर. निव्वळ विजेवर कागदोपत्री 61 किलोमीटर. उन्हाळ्यात तेवढे आरामात मिळतात, जानेवारीत उणे 15 मध्ये हीटर लावून 38 ते 40. माझं ऑफिसला जाणं-येणं 34 किलोमीटरचं. त्यामुळे मे ते सप्टेंबर पेट्रोल भरलं ते फक्त टोरोंटोच्या फेऱ्यांसाठी. रात्री 11 नंतर स्वस्त वीज देणारी योजना घेतली आहे, 240 व्होल्टवर साडेसहा तासांत बॅटरी भरते, सकाळी दार उघडलं की गाडी तयार. कडाक्याच्या थंडीत इंजिन मधूनच सुरू होतं. पहिल्या हिवाळ्यात याचं फार वाईट वाटायचं, आता काच लवकर मोकळी होते याचंच बरं वाटतं.

तिसरी रांग लहान मुलांपुरतीच आहे. आई-बाबा जुलैत आले तेव्हा बाबांनी एकदा मागे बसून पाहिलं, गुडघे हनुवटीला टेकले, पुन्हा ते नाव काढलं नाही. मधल्या रांगेत मात्र आई नायगाराहून परत येताना दोन तास गाढ झोपली.

मार्च 2025 च्या शेवटी आमच्या भागात गोठणाऱ्या पावसाचं ते वादळ झालं. झाडांच्या फांद्या बोटभर बर्फाच्या वजनाने रात्रभर कडाकड मोडत होत्या. आमच्या गल्लीत दोन दिवस वीज नव्हती. डिकीत 1500 वॉटचा प्लग पॉइंट आहे हे मी विसरूनच गेलो होतो, बायकोला आठवलं. गाडी गॅरेजबाहेर काढली, लांब एक्स्टेन्शन वायर दाराखालून स्वयंपाकघरात आणली आणि फ्रीज लावला. संध्याकाळी फ्रीज काढून इलेक्ट्रिक राइस कुकर लावला. मुगाची खिचडी झाली, वर तूप, शेजारच्या आजींनाही डबा दिला. त्या रात्री गाडीचे पैसे वसूल झाले असं मला मनापासून वाटलं, आजही वाटतं.

आता ब्रँड. चिंचवडला आमच्या शेजारच्या काकांकडे मित्सुबिशीची लान्सर होती, हिंदुस्तान मोटर्सने 1998 पासून भारतात बनवलेली. गल्लीतली सगळी पोरं तिच्याकडे बघत राहायची. मित्सुबिशीच्याच पजेरोने वाळवंटातली अवघड डकार रॅली 12 वेळा मारली. असं नाव अमेरिकेत इतकं खाली कसं गेलं, हे गाडी घेण्याआधी मी बरंच वाचलं. 2002 मध्ये तिथे वर्षाला जवळपास 3 लाख 45 हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. पण त्यातल्या कितीतरी शून्य डाउन पेमेंट, शून्य व्याज आणि वर्षभर हप्ता नाही अशा योजनेवर. तरुण, हातात फारसे पैसे नसलेले ग्राहक आले, वर्षाने हप्ते थकले आणि कर्जं बुडाली. 2009 पर्यंत विक्री 54 हजारांच्या आसपास आली. इलिनॉयमधल्या नॉर्मल गावचा कारखाना 2015 मध्ये बंद झाला, आज तिथे रिव्हियन या कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्या बनतात. नवीन मॉडेलं येईनात, लान्सर गेली, आता थायलंडहून येणारी छोटी मिराजही गेली.

माझ्या मते खरं दुखणं इथेच आहे. 2024 मध्ये अमेरिकेतली विक्री पुन्हा 1 लाख 10 हजारांजवळ गेली, ही चांगलीच गोष्ट. पण त्या बाजारात वर्षाला दीड कोटीहून जास्त गाड्या खपतात आणि मित्सुबिशीची एकही तिथे बनत नाही. 2025 मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर 25 टक्के जादा कर लावला, जपानसाठी तो पुढे एकूण 15 टक्क्यांवर आला, तरी तिथे स्वतःचा कारखाना नसलेल्या कंपनीला त्याची पूर्ण झळ बसते. निसानकडे 2016 पासून मोठा हिस्सा आहे, ही आउटलँडर निसानच्या 'रोग' (Rogue) नावाच्या गाडीच्याच सांगाड्यावर उभी आहे, पण निसान स्वतःच अडचणीत. निसानची होंडाबरोबरची एकत्रीकरणाची बोलणी फेब्रुवारी 2025 मध्ये फिसकटली. कॅनडाच्या विक्रीवर ब्रँड एकटा तगणार नाही, अमेरिकेत पाय रोवलेले असले तरच इथलं दुकान चालेल.

रस्त्यावर या ब्रँडच्या गाड्या कमी असल्याची झळ मला एकदाच लागली. हायवे 400 वर ट्रकच्या चाकाखालचा खडा उडून पुढची काच तडकली. काच बसवणारा म्हणाला, या मॉडेलची काच मी ठेवत नाही, मागवावी लागेल. तीन आठवडे ती तडा गेलेली काच घेऊन फिरलो. शेजारच्यासारखी टोयोटाची आरएव्ही4 असती तर दुसऱ्या दिवशी काम झालं असतं.

तरीही मी घेतली, कारण इंजिन-गिअरबॉक्सवर 10 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी. कर्जाच्या हप्त्यांहून ती जास्त चालते. रिसेलचा विचार करून तीन-चार वर्षांत गाडी बदलणाऱ्याने मात्र इथे येऊ नये. आणखी एक लक्षात ठेवा, फास्ट चार्जिंगचं सॉकेट चाडेमो (CHAdeMO) या जपानी पद्धतीचं आहे आणि ती पद्धत या खंडात मागे पडत चालली आहे. मी 14 महिन्यांत ते एकदाही वापरलं नाही, घरी चार्जर असेल तर अडत नाही. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र दहादा विचार करावा.

कंपनीने 2026 ते 2030 दरवर्षी एक नवी किंवा सुधारलेली गाडी आणायचं ठरवलं आहे. निसान लीफवर बेतलेली इलेक्ट्रिक गाडी येणार असल्याचंही जाहीर केलं आहे. बायकोची जुनी सिव्हिक आता थकली आहे, तिच्या जागी काय घ्यायचं हे पुढच्या वर्षी ठरवायचंय. ती इलेक्ट्रिक आली, 10 वर्षांची वॉरंटी तिच्यावरही असली आणि आमच्या जवळचं सर्व्हिस सेंटर तोवर चालू असलं, तर टेस्ट ड्राइव्हला आम्ही दोघं नक्की जाऊ. बाबांना अजून सांगितलेलं नाही.