वीस मिनिटं, बारा बाटल्या, एक कीबोर्ड

"मावशी, सोसायटीची सेक्रेटरी झाल्यापासून तू फार चिडचिड करतेस. जा, काहीतरी फोडून ये," असं म्हणून भाच्याने वाढदिवसाला कूपन हातात ठेवलं. पुण्यात आता तोडफोड करायलाही खोली भाड्याने मिळते. वीस मिनिटांचे ७९९ रुपये. त्यात बिअरच्या बारा रिकाम्या बाटल्या आणि एक मेलेला कीबोर्ड. जुना डबा टीव्ही हवा असेल तर वर चारशे.

जाड अंगरखा, हेल्मेट, बूट सगळं देतात. हेल्मेटला आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाचा वास होता आणि हातमोजे इतके ढगळ, की बॅट दोनदा निसटली. पण पहिली बाटली फुटली तेव्हा, खोटं कशाला बोलू, मजा आली. लहानपणी साधी बशी फुटली तरी आठवडाभर ऐकून घ्यावं लागायचं. इथे खळ्ळकन आवाज झाला आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

खटकली ती भिंतीवरची पाटी. 'ज्याचा राग येतो त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.' खाली 'शास्त्रीय थेरपी'!

मी अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. राग म्हणजे कुकरमधली वाफ, शिट्टी झाली की संपला, असं दरवर्षी कुणीतरी पेपरात लिहितंच. पण मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० विद्यार्थी होते. विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या निबंधावर आधी वाट्टेल तशी टीका करून त्यांना चिडवलं. मग काहींना त्या टीकाकाराचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, काहींना व्यायाम म्हणून मारायला सांगितले आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. सगळ्यात जास्त चिडलेले राहिले ते टीकाकाराला आठवत ठोसे मारणारे. पुढे संधी मिळाल्यावर सगळ्यात कमी आक्रमक वागले ते बसून राहिलेले. म्हणजे ती पाटी नेमकी उलटा उपाय सांगते.

तरी पैसे भरलेत म्हणून मी बी विंगमधल्या त्या गृहस्थांना डोळ्यांसमोर आणलं. ते टँकरच्या जागेवर गाडी लावतात. सातव्या बाटलीपर्यंत मला त्यांची मेंटेनन्सची थकबाकीही आठवली, जी मी खरोखर विसरले होते. बाहेर पडले तेव्हा छाती धडधडत होती. पुढच्याच सिग्नलला मागच्याने हॉर्न वाजवला, आणि स्कूटरवरून वळून मी त्याला जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बुशमन आणि त्यांच्या सहकारी सोफी क्येर्विक यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले. धडधड उतरवणाऱ्या गोष्टी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं, यांनी राग कमी होतो. धडधड वाढवणाऱ्यांनी एकंदरीत होत नाही. त्या खोलीत निवांत टेकायला एक साधी खुर्चीसुद्धा नाही.

मित्रमंडळींबरोबर धमाल करायला तीन तारे. राग घालवायला एक, तोही पहिल्या बाटलीचा. तिथल्या काचा झाडणाऱ्या मुलाला मात्र पाच. माझी वेळ संपल्यावर तो कोपऱ्यातून तुकडे सुपलीत भरत होता. मी विचारलं, "तू फोडतोस का रे कधी?"

"छे हो मॅडम. परत झाडायला मलाच लागतं."