केपेझिओ के३६०: स्वतःचा प्रयोग उभा करणाऱ्यांसाठी टॅपचा जोडा

टॅप, म्हणजे बुटांच्या धातूच्या पट्ट्यांनी ठेके वाजवायचा नाच, नुकताच शिकायला लागलेल्याने हा जोडा घेऊ नये. शफल, फ्लॅप हे प्राथमिक पदन्यास पायात बसेपर्यंत साधा जोडा पुरतो, आणि के३६० खिशाला चांगलाच चिमटा काढतो. याची गरज ऑडिशनच्या टप्प्यावर लागते, आणि स्वतःचा प्रयोग बांधायला घेतल्यावर तर नक्कीच. तिथे आवाजाची जबाबदारी दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

न्यूयॉर्कच्या केपेझिओचा (स्थापना १८८७) हा लेसवाला चामडी ऑक्सफर्ड (बंद बूट). पंज्याला आणि टाचेला त्यांच्याच टेलिटोन नावाच्या धातूच्या पट्ट्या, त्याही स्क्रूने बसवलेल्या. पैसे वसूल होतात ते इथे. स्वस्त जोड्यांत पट्टी बहुधा रिव्हेटने पक्की ठोकलेली असते, येईल तो आवाज मुकाट घ्यायचा. इथे तबल्याचे गट्ठे ठोकून सूर लावावा तसा स्क्रूने आवाज लावता येतो. आधी सगळे स्क्रू पूर्ण आवळा. मग एकेक पाव फेरा सैल करा आणि प्रत्येक वेळी क्रॅम्प रोल हा चार ठोक्यांचा पदन्यास संथ वाजवून बघा: पंजा, पंजा, टाच, टाच. डावा-उजवा सारखा लागेपर्यंत हेच. पट्टी फार आवळली तर आवाज कोरडा आणि तोकडा येतो. फार सैल सोडली तर ती तळावर परत आपटते, प्रत्येक ठोक्यामागे एक भुताचा ठोका उमटतो आणि पॅराडिडलसारख्या जलद पदन्यासांचा चिखल होतो. शिवाय बाहेर आलेलं स्क्रूचं डोकं मंचावर ओरखडे काढतं. त्या सभागृहाचं दार पुढच्या वेळी उघडेलच असं नाही.

तळ एकेरी घ्यायचा की जादा थराचा, हा खरा निर्णय. जादा थराने वजन वाढतं, खर्ज येतो, पंज्याच्या टोकावर उभं राहताना आधार मिळतो. पण सुरुवातीला जोडा लाकडासारखा ताठ असतो. पंजा वाकत नाही, म्हणून पुलबॅक (मागे उडी घेत मारायचे ठोके) उशिरा सुटतात. नवा जोडा प्रयोगाच्या आठवड्यात काढणं म्हणजे आत्मघात. अमेरिकन टॅप नर्तक सॅव्हियन ग्लोव्हरच्या १९९६ साली ब्रॉडवेवर आलेल्या ‘ब्रिंग इन दा नॉइज, ब्रिंग इन दा फंक’नंतर जी जड, ढोलाच्या अंगाची शैली रुजली, तिला जादा थर शोभतो. हलक्या, सरकत्या कामाला एकेरी बरा.

कथकसोबत काम करणाऱ्यांनी तर जादा थरच बघावा. कथक नर्तक पंडित चित्रेश दास आणि टॅप नर्तक जेसन सॅम्युएल्स स्मिथ यांच्या ‘इंडिया जॅझ सुइट्स’ने ही जोडी जमते हे दाखवलं, पण ध्वनीची अडचण उरतेच: घुंगरांची किणकिण आणि पंज्याच्या पट्टीचा टणत्कार दोन्ही उंच स्वरातच असल्याने भिडतात. टॅपला खालचा आवाज असेल तरच सवाल-जवाबात कोण बोललं ते कळतं.

मापाचं म्हणाल तर टाच अजिबात सुटता कामा नये. ती सुटली की टाचेचा ठोका लयीच्या मागे पडतो आणि दोष उगाच पायावर येतो. मोच्याकडून तळाला, दोन पट्ट्यांच्या मधे, पातळ रबर लावून घ्यायचं असेल तर ते पट्टीच्या जाडीपेक्षा किंचित कमीच ठेवा. जास्त झालं तर धातू जमिनीला नीट टेकत नाही आणि आवाज बसतो.

जोडा कितीही चांगला असो, काँक्रीटवर त्याचा उपयोग शून्य. आवाज मरतो आणि नडगी दुखते ती वेगळीच. फरशी किंवा रबरी व्हिनाइलखाली काय आहे याची खात्री नसेल तर स्वतःचा तक्ता न्या: १८ मिमी प्लायवुड, चार बाय चार फूट, खाली रबराच्या पट्ट्या. त्यांनी तक्ता सरकत नाही आणि थोडा लवतोही. कडेला जमिनीवर ठेवायचा बाउंडरी माईक पुरतो. ध्वनिवाल्याला खालचा घुमका कापायला सांगा, पण खर्ज पूर्ण काढू देऊ नका, नाहीतर जादा थराचे पैसे पाण्यात.

उणिवाही आहेत. स्क्रूची भोकं वारंवारच्या पिळण्याने झिजतात. तिथे लाकडाच्या गोंदात बुडवलेली टूथपिक ठोकून, वाळल्यावर स्क्रू पुन्हा बसवला की काम भागतं. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात चामड्याला बुरशी येते आणि स्क्रू गंजतात, म्हणून जोडा कापडी पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. प्लास्टिकची पिशवी नको. भारतात मागवताना पाठवणीचा खर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशेब करा, आणि त्याच मागणीत जादा स्क्रूचं पाकीट घ्या. मध्यंतरात हरवलेला स्क्रू कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि लांब स्क्रू लावला तर तो तळातून थेट पायाला टोचतो.