कणकेचा गोळा की रंगीत क्ले?
दीड वर्षाच्या लेकीला खेळायला कणीक द्यावी की दुकानातली रंगीत क्ले आणावी, असा पेच भाचीने माझ्यापुढे ठेवला. पोळ्यांच्या कणकेतला लिंबाएवढा गोळा बाजूला काढण्यास वेगळा खर्च येत नाही, आणि मुलीने त्यात दोनदा बोट खुपसून तो टाकून दिला तरी जीव हळहळत नाही. महागडा डबा आणला की मात्र तिने अर्धा तास तरी खेळावे, अशी अपेक्षा आपल्या नकळत डोकावते. टिकण्यात क्ले सरस आहे, कारण घट्ट झाकणाच्या डब्यात ती बरेच दिवस मऊ राहते, तर कणीक दुसऱ्याच दिवशी काळपट पडून आंबूस वास देऊ लागते. भरपूर मीठ घातल्यास कणीकही टिकते, परंतु ते मीठ पोटात जाणे लहान मुलांना घातक ठरू शकते, म्हणून हा उपाय या वयात नकोच. साध्या कणकेचाही कच्चा घास जाऊ नये, यासाठी जवळ बसावे लागतेच. सतरंजीत रुतलेले तुकडे काढण्याचा त्रास दोन्हींत सारखाच.

वस्तू तोंडात घालणाऱ्या मुलाला, पोळ्या लाटताना शेजारी बसवून, कणीकच द्यावी; गव्हाची ॲलर्जी असल्यास तांदळाची गार केलेली उकड चालेल. केलेला हत्ती उद्यापर्यंत जपण्याचा हट्ट धरणाऱ्या, तीन वर्षांपुढच्या मुलाला क्ले आणावी.