त्याने मला फक्त इंजिन दाखवलं

निवृत्तीनंतर आम्ही दोघं परदेशात राहायला आलो तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर होता आणि ओळखी शून्य. रेडिओ कंट्रोलची विमानं उडवण्याचा नाद मात्र जुना. हातातल्या ट्रान्समीटरमधले, चॅनल ठरवणारे क्रिस्टल बदलायचे दिवस मी पाहिले आहेत. मैदानात दोघांचा चॅनल एकच निघाला की एकाचं विमान खाली येणार, हे तेव्हा ठरलेलंच असे. हे सांगायचं कारण एवढंच की मी फसलो तो नवशिका म्हणून नाही.

येताना जुनी विमानं वाटून टाकली होती. मोठे पंख घेऊन कोण फिरणार? लिथियम बॅटऱ्यांचा तर आणखी वेगळा त्रास. सुट्या बॅटऱ्या विमानप्रवासात फक्त हातातल्या सामानात, त्याही परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतच्याच. म्हणजे नव्या ठिकाणी सगळा संसार शून्यापासून, आणि पेन्शनमध्ये भागवायचं तर सेकंडहँड. परदेशी स्थायिक होणाऱ्या आमच्यासारख्या हौशी म्हाताऱ्यांना भामटे नेमकं इथेच गाठतात.

जाहिरात होती पायपर जे-३ कबची. मूळ विमानाच्या एक चतुर्थांश मापाची, पंखांचा पसारा सुमारे २.७ मीटर, दोन स्ट्रोकचं पेट्रोल इंजिन, नखशिखांत पिवळी. कब म्हटलं की माझं डोकं चालेनासं होतं. १९३८ साली बाजारात आलेलं ते साधंभोळं विमान अजूनही जगभरचे लोक प्रेमाने उडवतात. विकणारा म्हणाला, डोळ्यांचा त्रास सुरू झालाय, आता छंद बंद, विमान चांगल्या हातात जावं एवढीच इच्छा. उड्डाणं म्हणे दहासुद्धा झाली नाहीत. वजन आठ किलो.

अर्धी रक्कम आगाऊ मागितली. "मित्राला किंवा नातेवाइकाला पैसे पाठवा" या पर्यायातून पाठव, मग आपल्या दोघांचंही शुल्क वाचेल, असं त्याने सुचवलं. मी पाठवली. त्या मार्गाने दिलेले पैसे खरेदीचे धरले जात नाहीत आणि म्हणून खरेदीदाराचं संरक्षण त्यांना लागू होत नाही, हे मला नंतर बँकेने समजावलं. "व्यवहार तुम्हीच मंजूर केलात," हे त्यांचं वाक्य मी तीनदा ऐकलं.

घरी गेलो तेव्हा माणूस लाघवी निघाला. बसायला खुर्ची दिली. माझं त्यांच्या भाषेतलं अडखळणं हसून सांभाळून घेतलं. मग विमान अंगणात बांधून इंजिन सुरू केलं. प्रॉपेलरच्या दुसऱ्याच फिरकीला लागलं. मंद गतीवर घड्याळासारखं चालत होतं, थ्रॉटल दिला की तत्काळ उचलत होतं. पंधरा मिनिटं आम्ही त्या इंजिनापाशीच होतो. कार्ब्युरेटरची, म्हणजे इंधन कमीजास्त करणारी, सुई किती वळणं उघडी, तेलाचं प्रमाण किती, प्रॉपेलर कोणता, सगळं त्याने मन लावून सांगितलं. उडवून दाखवशील का, असं विचारल्यावर वारा फार आहे म्हणाला आणि फोनवर उड्डाणाचा व्हिडिओ दाखवला. वारा होताही थोडा. त्या व्हिडिओतल्या विमानाचा एक्झॉस्ट उजवीकडे होता आणि अंगणातल्या विमानाचा डावीकडे, हे मला महिन्याभराने दिसलं.

वर चार लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटऱ्या, एक ट्रान्समीटर आणि डबाभर सर्व्हो, म्हणजे विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी, फुकट. फुकट ते पौष्टिक! मी खूश होऊन उरलेली रक्कम रोख मोजली. बायकोने घरी विचारलं, "अहो, पावती घेतलीत का?" मी म्हटलं, हौशी लोकांत पावत्या नसतात.

आता खरं सांगायचं तर मला विमानापेक्षा तो माणूस हवा होता. परक्या गावात माझ्याशी तासभर या विषयावर बोलणारा तो पहिलाच. वजनकाटा काढून त्याचं विमान तोलणं मला असभ्य वाटलं. इतक्या वर्षांत स्वतःचं एकही विमान मी न तोलता उडवलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात कब क्लबच्या मैदानावर नेली. तिथल्या एका वयस्कर सभासदाने शेपटीला हात लावून उचलून पाहिलं आणि विचारलं, "याचं वजन किती?" मी आठ सांगितलं. तो काहीच बोलला नाही, फक्त काटा घेऊन आला. साडेनऊ. मग त्याने पंखाच्या खालच्या बाजूचं सर्व्होचं झाकण काढलं, टॉर्च आत धरला आणि मला वरून बघायला सांगितलं. पंखावर ताणलेल्या पिवळ्या फिल्ममधून रिब्सच्या, म्हणजे पंखातल्या आडव्या फासळ्यांच्या, बारीक सावल्या ओळीने दिसत होत्या. आणि स्ट्रटचा, म्हणजे धडापासून पंखाला टेकू देणाऱ्या तिरप्या दांडीचा, आधार जिथे पंखाला जोडलेला असतो, तिथे एक जाड, वेडंवाकडं काळं ठिगळ.

खोटं कशाला बोलू, मला त्या म्हाताऱ्याचा राग आला. नव्या माणसाचं मोठं विमान बघवत नसेल, असंही मनात आलं. विमान न उडवता घरी आणलं आणि रात्री ब्लेडने फिल्म कापली. स्पार, म्हणजे पंखाचा कणा, मोडलेला होता. एका बाजूने प्लायवूडची पट्टी चिकटवून त्यावर इपॉक्सी ओतलं होतं, मधाच्या पोळ्यासारखं थापलेलं. वरून नवी फिल्म इस्त्रीने ताणून बसवलेली. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. कब सगळी एकाच पिवळ्या रंगाची, त्यामुळे नवा तुकडा उठून दिसत नाही. उन्हात नीट पाहिलं असतं तर वरचा पिवळा आणि खालचा पिवळा वेगळे आहेत हे कळलं असतं.

हे एवढं मनावर घ्यायचं कारण आहे. स्ट्रटवाल्या पंखाला वाकवणारा ताण स्ट्रट जोडलेल्या जागीच सर्वांत जास्त असतो. लूपमधून, म्हणजे उभ्या गोल गिरकीतून, बाहेर पडताना ३ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट भार, आला, तर साडेनऊ किलोचं विमान पंखांच्या हिशेबी साडेअठ्ठावीस किलोचं होतं. ते वजन त्या ठिगळावर. वाढलेल्या वजनाचा वेगळाच जाच: स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमान पेलत नाहीत तो वेग, वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे आठाचे साडेनऊ झाले की उतरताना सुमारे नऊ टक्के जास्त वेग ठेवावा लागतो. मी आठ किलोच्या अंदाजाने हळू आणलं असतं आणि ते वळणावर पंख टाकून कोसळलं असतं. वजन वाढलं कशाने तेही सापडलं. मागे शेपटीतही दुरुस्ती होती आणि तिचा तोल साधायला नाकात शिसं भरलं होतं.

फुकटच्या वस्तूंची तऱ्हा हीच. बॅटऱ्यांवर नवीन वेष्टण आणि नवीन लेबल होतं. व्होल्टेज मोजलं तर सगळे सेल सारखे, कारण नुसतं पडून असलेल्या बॅटरीचं व्होल्टेज फारसं काही सांगत नाही. चार्जरवर अंतर्गत रोध पाहिला (तो वाढला की सेल थकला समजायचं) तेव्हा प्रत्येक बॅटरीत एक तरी सेल बाकीच्यांच्या तिपटीने वर. फुकटचा ट्रान्समीटर वेगळ्या प्रदेशासाठीचा होता, विमानातल्या रिसीव्हरशी जोडलाच जाईना. एकाच कंपनीचे असले तरी दोन प्रदेशांचे संच जुळतीलच असं नाही, हे परदेशात जुनं सामान घेणाऱ्याने आधी तपासावं. सर्वांत भयंकर होता फेलसेफ, म्हणजे संपर्क तुटला की विमान आपोआप सांभाळून घेणारी सोय. विमान बांधून, इंजिन चालू ठेवून विमानाचा नेहमीचा ट्रान्समीटर बंद केला की इंजिन मंद व्हायला हवं. इथे रिसीव्हरने थ्रॉटल होता तिथेच धरून ठेवला. संपर्क तुटलेलं साडेनऊ किलोचं विमान, फिरत्या प्रॉपेलरसकट, माणसांच्या दिशेने! ही तपासणी त्याच्या अंगणात दोन मिनिटांत झाली असती. विमान बांधलेलं होतंच.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्यांदा म्हणाला, जसं आहे तसं विकलं. दुसऱ्यांदा उचलला नाही. मग नंबर बंद. तक्रार नोंदवायला गेलो तर माझ्याकडे दाखवायला काय होतं? जाहिरात त्याने काढून टाकली होती, रोख रकमेचा पुरावा नाही, "दहा उड्डाणं" आणि "आठ किलो" ही सगळी तोंडी बोलणी. त्याच सुमारास एकाचा संदेश आला की थोडं शुल्क भरलंत तर तुमचे बुडालेले पैसे काढून देतो. फसलेल्यांच्या मागावर असलेली ही दुसरी टोळी. निदान तिथे बायकोने माझा फोन काढून घेतला.

त्या वयस्कर सभासदाकडे माफी मागायला गेलो. माझ्या मनात काय आलं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून माफी कशाची तेही सांगावं लागलं. तो बराच वेळ हसला. मग म्हणाला, विमान घेताना मी विकणाऱ्याला एकच विचारतो, "तू जे दाखवतोयस ते राहू दे, दुसरी बाजू उलटी करून दाखव."

कबचं धड शेवटी आम्ही दोघांनी मिळून मोडीत काढलं. स्पार जोडून पुन्हा उडवता येईल का यावर वाद झाला, पण त्या पंखावर माझा विश्वास बसेना. इंजिन मात्र उत्तम निघालं. त्याबद्दल त्याने सांगितलेला शब्द न शब्द खरा होता, सुईची वळणंसुद्धा. आता ते मी स्वतः बांधलेल्या एका उंच पंखाच्या विमानावर बसवलंय, आणि अजूनही दुसऱ्याच फिरकीला लागतं.