लिंगाची लांबी वाढवण्यासाठी: व्हॅक्यूम पंप की ताण देणारं उपकरण?

पंपाला वैद्यकात स्थान आहे, पण ते ताठरतेच्या तक्रारीसाठी. हवा काढली की रक्त आत ओढलं जातं, लिंग तात्पुरतं फुगतं, इतकंच. दाब जास्त झाला तर त्वचेखाली रक्त साकळतं.

ताण देणाऱ्या उपकरणाची बाजू थोडी बरी. रोज काही तास, कित्येक महिने वापरल्यावर १-२ सेंटिमीटर वाढ काही अभ्यासांत दिसली. मात्र ते अभ्यास छोटे, बरेचसे पेरोनी आजाराच्या (यात लिंगात कठीण चट्टा तयार होऊन ते वाकतं) रुग्णांवरचे. निरोगी पुरुषांवर मोठ्या, दीर्घकाळच्या चाचण्या जवळपास नाहीतच, हे मला फार खटकतं. निवडायचंच तर मी हेच निवडेन, तेही यूरॉलॉजिस्टला विचारून.

आणि आधी पट्टी हातात घ्या: १५,५२१ पुरुषांच्या मोजमापांच्या २०१५च्या आढाव्यात ताठर लांबीची सरासरी १३.१२ सेंटिमीटर निघाली.