ब्रॉयलरला फळ-भाजीपाल्याचा कचरा: ओला, वाळवलेला की मुरवलेला?

ब्रॉयलरच्या, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांच्या, खर्चात साधारण ६० ते ७० टक्के वाटा खाद्याचाच. त्यामुळे फुकट मिळणाऱ्या पाल्याकडे लक्ष जाणं साहजिक आहे. पण तो कोणत्या रूपात द्यायचा, यावरच सगळं गणित फिरतं.

ओला पाला सर्वांत सोपा आणि ब्रॉयलरसाठी सर्वांत वाईट. कोबीच्या पानांत ९२ टक्के पाणीच असतं. १०० ग्रॅम पानांतून प्रथिनं मिळतात जेमतेम सव्वा ग्रॅम. तेवढ्याच फिनिशरमधून (विक्रीआधीच्या टप्प्यातल्या खाद्यातून) १८ ते २० ग्रॅम. ब्रॉयलरला पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास पोचायचं असतं. पाल्यानं पोट भरलं की तो दाण्याकडे फिरकत नाही आणि वजन मागे पडतं. शिवाय विष्ठा पातळ होते, लिटर (शेडमध्ये खाली अंथरलेला भुसा) ओलं राहतं, अमोनियाचा वास सुटतो, तळपायाला जखमा होतात, कॉक्सीला (आतड्याच्या परजीवी रोगाला) वाट मोकळी होते. फुकटचा पाला असा अंगाशी येतो. गावरान किंवा अंड्यावरच्या कोंबड्यांना मात्र थोडा खुशाल टाका. त्यांना वजनाची एवढी घाई नसते.

वाळवून दळलेली पूड हा खरा विचार करण्याजोगा पर्याय. ओलावा १० ते १२ टक्क्यांच्या खाली आणला तर ती टिकते. मात्र १० किलो कोबीतून किलोभरही पूड निघत नाही, त्यामुळे इंधन जाळून वाळवणं परवडणं कठीण. कडक ऊन हवं. ढगाळ हवेत ढीग आतून काळा पडतो, बुरशी धरते आणि बुरशीचं विष नंतर वाळवून किंवा शिजवून जाईलच असं नाही.

पुडीसाठी एकाच जातीचा, ओळखीचा माल घ्या. टोमॅटोचा रस काढल्यावर उरणारा चोथा चांगला: सालं आणि बिया मिळून वाळल्यावर २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. पण तंतूही भरपूर, आणि ते पचवण्याची सोय कोंबडीच्या पोटात फारशी नाही. म्हणून पिल्लांना स्टार्टरमध्ये (सुरुवातीच्या खाद्यात) अजिबात नको. फिनिशरमध्ये ५ टक्क्यांपासून सुरुवात करा आणि कमी पडलेली ऊर्जा तेलानं भरून काढा. संत्र्या-मोसंबीच्या चोथ्यातल्या पेक्टिनमुळे आतड्यातला माल चिकट होतो, तो आणखी जपून. केळीच्या सालीत तंतू आणि टॅनिन (पचनात अडथळा आणणारं तुरट द्रव्य) दोन्ही. आंब्याच्या कोयीतला गर भिजवून, उकळून टॅनिन कमी केल्याशिवाय नको.

मुरघासाला, म्हणजे मुरवलेल्या पाल्याला, ऊन लागत नाही. हवाबंद पिंपात आंबून आम्लता वाढली की माल टिकतो. चिरलेला पाला मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकत असेल तर त्यात कोंडा मिसळावा लागतो, नाहीतर तो सडतो. पण मुरवल्यानं पाणी जात नाही आणि तंतूही बहुतेक तसेच राहतात. गाई-म्हशींसाठी उत्तम, ब्रॉयलरसाठी माझ्या मते दुय्यम.

कचरा रोज आणि मिसळलेला येत असेल, तर तो थेट कोंबडीला न देता ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांना द्यावा. दोनेक आठवड्यांत अळ्या तयार होतात आणि वाळलेल्या अळीत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. म्हणजे पाल्याची जागा सोयापेंडीच्या तोडीचा माल घेतो. मेहनत वेगळी, ऊबही लागते, आणि आपल्याकडच्या नियमांत अळ्यांना काय खाऊ घालता येतं ते आधी पाहावं लागतं. युरोपीय संघानं २०२१ मध्ये कीटकांची प्रथिनं कोंबडीखाद्यात चालवली, पण त्या कीटकांना खरकटं घालायला मनाई कायम ठेवली.

अॅव्होकॅडो, हिरवा पडलेला बटाटा आणि बुरशी आलेलं काहीही, कुठल्याच रूपात नको. बरीचशी कांद्याची पात आणि खारट खरकटंही टाळा.

सगळ्या शेडवर प्रयोग करू नका. सारख्या वजनाच्या पक्ष्यांचे दोन कप्पे करा, एकाला नेहमीचं खाद्य, दुसऱ्याला पूड मिसळलेलं. दर आठवड्याला वजन घ्या, खाल्लेलं खाद्य मोजा आणि वाढलेल्या एका किलोमागे खाद्याचा खर्च किती आला ते काढा. त्यात वाळवणाची, दळणाची मजुरी धरायला विसरू नका. बहुतेकांचा हिशोब तिथेच चुकतो.